एवढीशी नळी

आमच्या घरात ‘दारू’ हा शब्द दोनच प्रसंगी उच्चारला जाई. एकदा दिवाळीत, फटाक्यांच्या संदर्भात. आणि एरवी शेजारच्या वाड्यातल्या एका गृहस्थांच्या संदर्भात. दुसऱ्या प्रसंगी आवाज आपोआप खाली येई. अशा घरात वाढलेला आणि पुढे पस्तीस वर्षे मुलांना रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जावयाच्या गॅरेजमध्ये बिअरच्या पातेल्याशेजारी स्टूल टाकून बसेन, असे कुणी सांगितले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

पण मुलगी पोर्टलंडला राहते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, ऑरेगन राज्यातले हे गाव घरोघरी बिअर करणाऱ्यांचे माहेरघरच म्हणायचे. लोणच्याच्या मोसमात आपल्याकडे जसे एकमेकींना ‘तुझं कितपत मुरलं?’ म्हणून विचारतात, तशा तिथल्या पुरुषांच्या गप्पा. जावईबापू एरवी संगणकाच्या कंपनीत. शनिवारी मात्र गॅरेजचे शटर वर करून, पायांत हवाई चपला अडकवून ते आचाऱ्याच्या भूमिकेत शिरतात. पहिल्या शनिवारी मी वरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो. दुसऱ्या शनिवारी खालून असा काही वास आला, की मला माझी आई आठवली. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून ती सत्त्व करायची, तेव्हा घरभर पसरायचा तो वास! मी जिना उतरलो.

आणि खरेच, फरक फारसा नाही. नाचणीऐवजी जव. त्याला मोड आणून वाळवले की माल्ट झाले. ते भरडून साधारण ६५-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे धान्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून घ्यायचा, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले घालून तासभर खळाखळा उकळायचा, झटपट गार करायचा आणि विशीच्या आसपास आल्यावर त्यात यीस्ट सोडायचे. उकळेपर्यंत सगळा मामला आईच्या स्वयंपाकघरातला. मद्य होते ते नंतर, यीस्टच्या कृपेने. तेव्हा मी पुढचा भाग दृष्टिआड करून पहिल्या भागात रस घ्यायला काही हरकत नाही, अशी माझ्या मनाची मी समजूत काढली. (निवृत्त माणसाच्या मनाची समजूत लवकर पटते.)

आता मुद्द्याची गोष्ट. एका वेळचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे एकोणीस लिटरचा. एवढे उकळते पातेले उचलून ओतणे शहाण्या माणसाचे काम नव्हे. म्हणून पातेल्याला खाली तोटी, तोटीला नळी. काढा गार करण्यासाठी तांब्याच्या नळीचे एक भले मोठे वेटोळे त्यात बुडवायचे, त्यातून नळाचे थंड पाणी खेळवायचे. त्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा नळ्या. जावयाची जुनी नळी पिवळी पडली होती. नवी आणायला आम्ही दोघे दुकानात गेलो. तिथे भिंतीवर रिळांतून नळ्या लटकत होत्या. फुटावर मोजून, कापून देतात. एक होती काचेसारखी पारदर्शक, स्वस्त, देखणी. आतून काय वाहते आहे ते लख्ख दिसावे. दुसरी होती दुधाळ रंगाची, मऊ, हाताला थोडी चिकटल्यासारखी आणि तिप्पट किमतीची.

‘‘बाबा, ही पारदर्शक गरम पाण्याला चालेल ना?’’ जावयाने विचारले.

मी चष्मा वर करून रिळावरचे कार्ड वाचले. अन्नासाठी योग्य असल्याचा शिक्का होता. खाली कमाल तापमान लिहिले होते : १७५ अंश. ‘‘चालेल की!’’ मी म्हणालो. ‘‘पाणी उकळतं शंभराला. पंचाहत्तर अंश हातात आहेत.’’

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. ते १७५ अंश फॅरनहाइट होते. सेल्सिअसमध्ये एकोणऐंशी! पाणी फॅरनहाइटमध्ये उकळते २१२ला. आयुष्यभर मुलांना ‘एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापेन’ म्हणून दटावणाऱ्या मास्तराने अंशाच्या चिन्हाशेजारचे इवलेसे अक्षर पाहिले नाही. आणि जावयाने ते पाहिले नाही, कारण सासरे रसायनशास्त्राचे सर!

आपल्या घरात तरी काय वेगळे चालते म्हणा. बाहेरचे ऊन आपण सेल्सिअसमध्ये सोसतो आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो. ‘आज चाळीस’ म्हटले की नागपूर-जळगाव आठवते, ‘आज एकशे दोन’ म्हटले की क्रोसिन. आपली कधी गफलत होत नाही, कारण आकडा ओळखीचा असतो. अनोळखी आकडा समोर आला, की मात्र माणूस सवयीच्या मापाने वाचतो.

त्या शनिवारी काढा उकळत होता. तांब्याचे वेटोळे उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पातेल्यात सोडायची पद्धत आहे, म्हणजे ते निर्जंतुक होते. पण आदल्या वेळचे थोडे पाणी वेटोळ्यात राहिलेले असते. ते तिथेच उकळून वाफ होते. जावयाने विस्तव बंद करून थंड पाण्याचा नळ सोडला. पहिला लोंढा वेटोळ्यातून बाहेर आला तो कढत. बाहेर नेणारी आमची देखणी नळी शेवयासारखी मऊ झाली आणि तांब्यावरून सुळकन निसटली. टोक मोकळे झाल्यावर ती नुसती गळत नाही, सापासारखी उसळते. जावयाच्या उजव्या पावलावर पाणी पडले. हवाई चप्पल! नातू, वय वर्षे सहा, नेहमी त्याच बाजूला उलट्या बादलीवर बसतो. त्याला आईने दोन मिनिटांपूर्वीच जेवायला हाक मारली होती.

त्या दोन मिनिटांचा विचार मी अजूनही रात्री करतो.

मुलीने आधी टूथपेस्टसाठी धाव घेतली, आणि मी तिला अडवले. तेवढे एक काम त्या दिवशी माझ्याकडून बरोबर झाले. भाजलेल्या जागेवर पेस्ट नको, तूप नको, बर्फही नको. नळाचे साधे गार पाणी, तेही चांगली वीस मिनिटे, घड्याळ लावून. मग स्वच्छ फडके आणि डॉक्टर. फोड आले, पंधरा दिवसांत जावई चालू लागले. घरात मला कुणी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

पुढचे पंधरा दिवस माझ्याजवळ दुसरे काम नव्हते. मी नळ्यांच्या मागे लागलो. आणि जे कळले त्यावरून माझे एक ठाम मत झाले आहे. ते बिअर करणाऱ्यांपुरते नाही, म्हणूनच हा लेखप्रपंच.

ती पारदर्शक नळी पीव्हीसीची. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या संडास-न्हाणीघरातल्या पाइपसारखे. त्याला मऊ करण्यासाठी त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात. अमेरिकेत वाल्डो सेमन याने १९२६च्या सुमारास ही युक्ती काढली आणि पडद्यांपासून रेनकोटापर्यंत सगळे बदलले. ही द्रव्ये, त्यात थॅलेट जातीची बरीच वर्षे मुख्य, प्लास्टिकशी रासायनिक बंधाने बांधलेली नसतात. कणकेत तेलाचे मोहन असावे तशी ती मध्ये मध्ये असतात. उष्णता लागली, तूप-तेल लागले किंवा मद्यार्क लागला, की ती थोडी थोडी बाहेर पडतात. अशी नळी जुनी झाली की कडक का होते, त्याचे उत्तर हेच. काही थॅलेटांना लहान मुलांच्या खेळण्यांत युरोपने १९९९ साली तात्पुरती आणि २००५ साली कायमची बंदी घातली. अमेरिकेत २००८ साली तसाच कायदा झाला.

आता इथे घाबरवून सोडण्याचा मोह होतो. रविवारच्या पुरवण्यांतून तो पुष्कळदा आवरला जात नाही. पण खरे सांगायचे, तर दवाखान्यातल्या रक्ताच्या पिशव्या आणि सलाइनच्या नळ्या याच जातीच्या पीव्हीसीच्या होत्या आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांनी असंख्य माणसे वाचवली आहेत. जावयाचे म्हणणे, ‘‘बाबा, इतकी वर्षं लोक हीच नळी वापरताहेत, कोणी मेलं नाही.’’ ते मला खोडून काढता येत नाही. शिवाय मद्य हेच कर्करोगाचे एक सिद्ध कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवलेले आहे. तेव्हा बिअर पिणाऱ्याने नळीतल्या थॅलेटची चिंता करणे म्हणजे हत्तीवर बसून डासाला भिण्यासारखेच. म्हणून माझा पहिला आक्षेप विषाचा नाहीच. तो पाय भाजण्याचा आहे. ६५ ते ८० अंशांच्या पुढे जी नळी मऊ पडते, तिच्यातून शंभर अंशांचे काही वाहू देणे हा निव्वळ अपघाताला आवतण देण्याचा प्रकार.

गंमत अशी, की ही नळी तोटीवर चढवायची हुकमी युक्ती काय, तर तिचे टोक कढत पाण्यात बुडवायचे! मऊ होते, फुलते आणि सहज बसते. म्हणजे जी युक्ती चढवायची तीच उतरवायचीही. आम्ही दर वेळी ती वापरत होतो आणि शहाणपणाने मान डोलावत होतो.

बरे, ‘भांड्याने अन्नात काय जाते’ हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? माझी आजी निरक्षर होती, पण पितळी भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ताक ठेवू देत नसे. कल्हईवाल्याची हाक ऐकू आली, की आधी कढीचे पातेले बाहेर निघे. कुठला पदार्थ, कुठल्या भांड्यात, किती गरम आणि किती वेळ, या चारही गोष्टींचा विचार त्या एका सवयीत होता. भांड्याबाबतीत आपण अजूनही चोखंदळ आहोत. पण भांड्यांना जोडणारे जे असते, त्याकडे मात्र कुणाचे लक्ष नाही. भांडे पाहुण्यांना दिसते. नळी कुणाला दिसते?

या दुर्लक्षाची किंमत माणसांनी पूर्वी मोजलेली आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात लोकांना एक विचित्र पोटशूळ होई, हातपाय लुळे पडत. सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचा तो प्रदेश. लोक रसाच्या आंबटपणाला दोष देत. जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने १७६७ साली दाखवून दिले, की दोष रसाचा नाही, रस गाळायच्या घाण्यांत वापरलेल्या शिशाचा आहे. आंबट रसात शिसे विरघळत होते. डेव्हनच्या लोकांना हे अजिबात रुचले नाही. त्याहून आधी, १७२३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदाच केला होता, की रम गाळताना भट्टीचे तोंड आणि वाफ थंड करणारी नागमोडी नळी शिशाची असता कामा नये. रम पिणाऱ्यांचे हातपाय जात होते. मला तर हा कायदा फार लोभस वाटतो. मद्य वाईट की चांगले या वादात न पडता त्याने नळी काय धातूची, एवढेच विचारले! बेंजामिन फ्रँकलिनने १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात या शिशाच्या आठवणी सांगितल्या आणि उपयोगाची गोष्ट माहीत होऊनही ती लोकांच्या आचरणात यायला किती काळ लागतो, यावर खेद व्यक्त केला. त्यानंतरही, विसाव्या शतकात, तिथे चोरून दारू गाळणारे मोटारीचे जुने रेडिएटर वापरत राहिले. त्याच्या जोडांत शिशाचे डाख. पिणाऱ्याला दोन्हीकडून मार.

त्या मानाने आपल्या गोव्यातली काजूच्या फेणीची जुनी भट्टी मला शहाणी वाटते. रस उकळायचे भाण आणि वाफ थंड व्हायची लावणी यांना जोडणारी नळी पूर्वी बांबूची वा लाकडाची असे. वाफेने ती मऊ पडत नाही, आंबटाने झिजत नाही, झिजली तर परसात दुसरी उभीच आहे.

आता त्या दुधाळ नळीविषयी. ती सिलिकोनची. रबर आणि प्लास्टिक यांचा कणा कार्बनचा असतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक साखळीचा. सिलिकॉन म्हणजे वाळूतला तो. हा कणा उष्णतेला सहजासहजी बधत नाही. दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत ती नळी निवांत असते आणि गोठवणाऱ्या थंडीतही लवचिक राहते. मऊपणासाठी तिच्यात थॅलेट घालावे लागत नाही. १९६९ साली चंद्रावर उमटलेल्या त्या प्रसिद्ध बुटांचे तळ याच जातीच्या रबराचे होते. तिथे ऊनही कडक आणि सावलीही. आपल्या घरात ती बाळाच्या बाटलीच्या बुचाच्या रूपाने केव्हाच आलेली आहे. उकळून घेता येते, हा तिचा मोठा गुण.

मग सगळीकडे सिलिकोनच वापरावे, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो होतो. पण बिअर करणाऱ्या मंडळींच्या एका बैठकीला जावयाने मला नेले (मी लिंबूपाणी घेतले) आणि तिथल्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाने माझा उत्साह थोडा उतरवला. तो म्हणाला, सिलिकोन उष्णतेला पक्के, पण हवेला कच्चे. त्यातून ऑक्सिजन आरपार झिरपतो. गरम काढा दहा मिनिटांत वाहून जातो, तिथे बिघडत नाही. पण तयार बिअर अशा नळीत साचून राहिली तर शिळी, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. म्हणजे गार बाजूला, यीस्टनंतर, ती स्वस्त पारदर्शक नळीच एका अर्थी बरी! शिवाय सिलिकोन लवकर कापले जाते, धारदार कडेवर फाटते. पातळ जाडीची घेतली आणि पंपाच्या ओढीला लावली, तर गरम झाल्यावर आतल्या आत चपटी होते. तिथे आत जाळी विणलेली किंवा जाड भिंतीची हवी. आणि कुठलीही असो, तोटीवर नुसती दाबून चालत नाही, वर पेचाची पट्टी आवळायची. मी वहीत सगळे लिहून घेत होतो. पस्तीस वर्षांनी मी पुन्हा पहिल्या बाकावर बसलो होतो.

म्हणजे ‘चांगली नळी कोणती?’ हा प्रश्नच चुकीचा होता. कशासाठी, किती तापमानाला, किती दाबाला, आणि आत किती वेळ राहणार, हे सांगितल्याशिवाय चांगली-वाईट काही नसते. मोटारीच्या रेडिएटरला लावायची काळी नळी उकळत्या पाण्याला खुशाल पुरते; पण तिच्यातून आलेले कुणी पिऊ नये. उलट आमची पारदर्शक नळी पिण्याच्या पाण्याला उत्तम. पण उकळत्याला नव्हे. ‘अन्नासाठी योग्य’ हा शिक्का आणि ‘उष्णतेला योग्य’ ही दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत आणि आपण एक पाहून दुसरे गृहीत धरतो. माझ्या मते ‘अन्नयोग्य’ हे अर्धवट वाक्य आहे. कितपत गरम अन्नाला योग्य, ते सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही.

हे पुण्याला परत आल्यावर मला जास्तच जाणवू लागले. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवरून ऑफिसात चहा जातो तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून. राज्यात २०१८ साली पिशव्यांवर बंदी आली, तरी ही पिशवी काही पूर्ण हटली नाही. ओठांना चटका बसेल असे सांबारही तसेच. पिशवी अन्नाच्या प्लास्टिकची असेलही. आपल्याकडे त्यासाठी मानके आहेत, पॉलिथिनला वेगळे, पीव्हीसीला वेगळे, पॉलिप्रॉपिलिनला वेगळे. पण टपरीवाल्याने ती कुठल्या गठ्ठ्यातून ओढली, हे त्यालाही ठाऊक नसते.

आमच्या सोसायटीत गच्चीवर सूर्यबंब बसवले, तेव्हा एका सभासदाने पैसे वाचवण्यासाठी गरम पाण्याची लाइन साध्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपची टाकून घेतली. एप्रिल-मेमध्ये पाइप धनुष्यासारखे वाकले आणि एका रात्री सांधा सुटला. तिथे सीपीव्हीसीचे पाइप लागतात, ही गोष्ट प्लंबरला माहीत होती. ‘साहेब बोलले म्हणून टाकले,’ हे त्याचे उत्तर. साहेब कशाचे? बहुधा माझ्यासारखेच कशाचे तरी निवृत्त सर! माझ्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पितळी तोटी थेट बंबाला, खाली बादली. मध्ये नळीच नाही, म्हणून प्रश्नही नाही.

प्रेशर कुकरच्या रबरी कड्याचेही तेच. कुकरमध्ये तापमान १२०च्या घरात जाते. कडे सैल झाले, की पदपथावरून ‘तसेच दिसणारे’ आणायचे आणि वाफ सुटू लागली की वर वरवंटा ठेवायचा, हे मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिले आहे.

याला अपवाद एकच : गॅसची नळी. तिच्या अंगावर मानकाचा क्रमांक आणि तयार केल्याचे साल लांबीभर छापलेले असते. पाच वर्षांनी बदला म्हणून सांगितले जाते. (वाचकांपैकी कितींनी बदलली, हे आता उठून पाहावे. मी परत आल्यावर पाहिले. सात वर्षे झाली होती.) हे जमते, तर बाकीच्या नळ्यांना का जमू नये? नळी फुटावर कापून विकली जाते, आणि तिचे कागदपत्र दुकानातल्या रिळावरच राहतात. घरी येतो तो नुसता अनामिक तुकडा. दोन वर्षांनी तो कुणाच्या हातात पडेल आणि कशाला लावला जाईल, कुणी सांगावे? पूर्वी कापडही ठाणातून कापून मिळे. पण गिरणीवाले काठावर वारावारावर नाव छापत, म्हणून सदऱ्याच्या तुकड्यालाही आपले गोत्र ठाऊक असे. नळीवर हातहातभर अंतरावर एवढेच छापावे : द्रव्य कुठले, अन्नाला चालते की नाही आणि कमाल तापमान किती. सेल्सिअसमध्ये, आणि ते अक्षर आकड्याएवढेच ठळक. शाई काही महाग नाही. मानके ठरवणाऱ्यांनी हे सक्तीचे करावे आणि तोवर दुकानदाराने तुकड्यासोबत एक चिठ्ठी द्यावी, अशी माझी मागणी आहे. गिऱ्हाईक वाचणार नाही, असा यावर आक्षेप येईल. मीही चुकीचेच वाचले होते. पण तो आकडा नळीवर असता, तर पातेल्याजवळ, वाफेसमोर, ती हातात धरताना मला दुसऱ्यांदा वाचायची संधी मिळाली असती. दुकानात माणूस किमतीचा विचार करत असतो. विस्तवाजवळ तो विस्तवाचा विचार करतो.

हा लेख वाचून कुणाच्या डोक्यात भलते खूळ शिरू नये म्हणून सांगतो : महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर काय, काहीही मद्य करणे गुन्हा आहे. अमेरिकेतही ते फार जुने स्वातंत्र्य नव्हे. घरगुती बिअरवरचे केंद्राचे बंधन उठवणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी सही केली १९७८ साली. माणशी वर्षाला शंभर गॅलन अशी मर्यादा घालून. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये तर २०१३ साली राजी झाली. ज्यांना हौस असेल त्यांनी नाचणीचे सत्त्व करावे.

निघण्याच्या आदल्या शनिवारी जावयाने पुन्हा पातेले चढवले. नवी दुधाळ नळी, जाड भिंतीची, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळलेल्या. पायांत बूट होते. ते मुलीने दारात उभे राहून तपासले. नातवासाठी गॅरेजच्या जमिनीवर खडूने रेघ मारली होती, बादली रेघेपलीकडे. मी जुन्या पारदर्शक नळीचे तुकडे केले आणि प्रत्येकावर निळ्या रंगाची पट्टी चिकटवली. निळी म्हणजे फक्त गार. सिलिकोनवर लाल. जावई म्हणाले, ‘‘बाबा, आता नळीवर आकडाही लिहा.’’ मी न पुसणारे पेन घेतले आणि लिहिले : २०० अंश. मग चष्मा पुसून शेजारी ‘सेल्सिअस’ असे पूर्ण अक्षरांत लिहिले. नातवाला मराठी वाचता येते थोडे थोडे. त्याने रेघेपलीकडून मान लांब करून एकेक अक्षर लावत ते वाचले आणि विचारले, ‘‘आजोबा, सेल्सिअस म्हणजे काय?’’

विस्तव पेटायला अजून पाच मिनिटे होती. मी बादलीशेजारी दुसरी बादली उलटी केली आणि बसलो.